मोकळ्या वावरातलं वळण

वैष्णवी माझ्या दुकानात कामाला लागली त्याच आठवड्यात तिनं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर बिघडवला. रिसोडला एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. आमच्या धंद्याचा नियम सोपा. बॅनरवर जितकी जास्त डोकी, तितकं गिऱ्हाईक खूश. मधोमध साहेब आणि खाली शुभेच्छुकांची दाटी. या पोरीनं साहेबांना कोपऱ्यात बसवलं, शुभेच्छुकांना तळाशी मुंगीएवढं केलं आणि वर सगळं निळं आभाळ मोकळं सोडून दिलं.

"हे काय करून ठेवलं व?" मी ओरडलो.

"भाऊ, वर जागा मोकळी पाह्यजे," ती शांतपणे म्हणाली. "नाही तं जीव गुदमरते."

जीव माझा गुदमरायची वेळ आली होती. छापायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. तिला तिथल्या तिथं घरी पाठवणार होतो, पण तिचं एक काम पाहून ठेवलं होतं. फोटोतल्या माणसाची कड कापायचं काम. कानाची पाळी, टोपीचं टोक, वाऱ्यानं उडालेली बट, सगळ्याच्या कडेनं तिचा माऊस असा फिरायचा की बघत राहावं. बाकीची पोरं कान कापून मोकळी होतात आणि मग साहेब बिनकानाचे चौकात टांगले जातात. म्हणून ठेवून घेतलं. आभाळ मात्र सोडू द्यायचो नाही.

तेव्हा ती भूगोल घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. पहाटे आईबरोबर भाजीबाजार, मग कॉलेज, दुपारी माझं दुकान. इतक्या धावपळीत माणसाला स्वप्नं बघायला फुरसत कुठून मिळते, हे मला कोडंच आहे. तिला मिळायची. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि ही दारातून बाहेर, विजेच्या तारांच्याही वर कुठंतरी बघत असायची. मी टेबलावर पट्टी आपटली की खाली यायची. रागावून यायची नाही, हसत यायची, लांबून चालत आल्यासारखी.

ही सवय मचाणावरची. त्यांचं वावर रिसोडच्या बाहेर, डांबरी रस्ता सोडून जरा आत. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. एका कोपऱ्यात थोडी ज्वारी पेरायचे आणि तिच्यासाठी तिच्या बापानं, बापूरावांनी, बाभळीच्या बल्ल्यांचं उंच मचाण बांधलं होतं. पाखरं हाकायचं काम वैष्णवीचं. पाखरं यायची, पोटभर दाणे खायची, आणि ही पाखरांच्या वरून आपलं वावर बघत बसायची. विहीर वरून अगदी गोल दिसते, धुरा, म्हणजे बांध, सरळ वाटतो पण सरळ नसतो, आई वाकली की तिचा फक्त पदर दिसतो. खाली उतरून काडीनं ती हे सगळं मातीत काढायची. तुळसाबाई, म्हणजे तिची आई, कपाळाला हात लावायच्या. "पोट्टी जमिनीवर हाय, जीव आभायात हाय. अर्धी ज्वारी पाखरायच्या पोटात गेली अन् ही चित्र काढून राह्यली!" बापूराव हसायचे. म्हणायचे, "काढू दे. अर्धी तं राह्यली ना."

बापूराव असेच. ताजी वांगी हवीत म्हणून मी दर आठवड्याला त्यांच्या वावरात जायचो, तिथली ओळख. गावात भावाच्या घरातल्या एका खोलीत त्यांचा संसार. त्यांच्या मनात होतं, वावरात घर बांधायचं. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. या माणसानं लग्न करून पाहिलं होतं, घर राहिलं होतं. एका उन्हाळ्यात त्यांनी विहिरीच्या बाजूची जागा साफ केली, मिस्त्र्याला बोलावून दोरी लावली, कोपरे काटकोनात धरले आणि काळ्या मातीवर चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा ओढल्या. साध्या बोटभर रेघा नाहीत, वीतभर रुंद, जाड. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा. नारळ फोडला. पाया पाऊस सरल्यावर खोदायचा ठरला.

आता पुढचं ऐका. आमच्या भागात जुनी माणसं म्हणतात, आखणी झाली आणि नारळ फुटला की घर उभं राहिलं असं समजावं. रेघ ओलांडू नये. रेघ ओलांडणं म्हणजे भिंत फोडून आत जाणं. बरेच जण आखणीच्या दिवशी तेवढा मान ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापासून गुरंढोरंही त्यावरून फिरतात. बापूरावांनी मात्र हे मनावर घेतलं. पूर्वेच्या रेघेत त्यांनी दारासाठी जागा सोडली होती. उन्हाळाभर ते तिघं त्या दारातूनच आत-बाहेर करत होते. विहिरीवरून पाणी आणायचं तर सरळ चार पावलांवर, पण मधे भिंत. मग तुळसाबाई डोक्यावर घागर घेऊन कोपऱ्याला वळसा घालायच्या, दारातून आत यायच्या आणि स्वयंपाकघरात घागर उतरवायच्या. स्वयंपाकघर म्हणजे तीन दगडांची चूल आणि वर उघडं आभाळ.

मला एकदा रोडग्याचं जेवण सांगितलं होतं. दिवस कलला होता. गोवऱ्यांच्या धगीत रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. मला भूक लागली होती, मी नाकासमोर चालत निघालो. तेवढ्यात बापूराव ओरडले, "अवो मुकेशभाऊ, भिंतीतून कायले येऊन राह्यले? आमच्या घराले दार नाही काय?"

मी जागीच थबकलो. एक पाय रेघेवर होता. मला आधी हसू आलं, पण वैष्णवी ओट्याच्या रेघेजवळ उभी राहून इतक्या गंभीरपणे माझ्याकडं बघत होती की मी पाय मागं घेतला, वळसा घातला, दाराशी चपला काढल्या आणि आत गेलो. खोटं सांगत नाही, आत गेल्यावर जरा थंड वाटलं. वाऱ्यानं फक्की थोडी उडत होती. बापूरावांनी मला घर दाखवलं. इथं देव, इथं पोरीची खोली, हिला खिडकी मोठी पाह्यजे म्हणते. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मेथीचा वाफा दिसला, पलीकडं मचाण दिसलं. इतकं मोकळं घर मी आजवर पाहिलेलं नाही.

त्याच पावसाळ्यात बापूरावांना कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग वाशीम झालं, मग अकोला झालं, आणि माणूस गेला. पावसानं रेघा धुऊन नेल्या. मिस्त्री परत कोणी बोलावला नाही. पाया खोदून ठेवला असता तर निदान खड्डा तरी राहिला असता. फक्कीचं काय राहतं? तुळसाबाईंनी बाकी वावर नेहमीसारखं पिकवलं, पण तेवढ्या जागेत वखर घातला नाही. शेजारचे म्हणायचे, वांग्याला भाव असताना ही बाई चांगली जमीन पडीक ठेवते. त्या ऐकून घ्यायच्या.

हे झालं आणि काही महिन्यांनी वैष्णवी माझ्या दुकानात आली. आभाळ मोकळं सोडायची, त्याचं कारण मला माहीत होतं. तरी मी ओरडायचो. ओरडलो नाही तर धंदा कसा चालायचा?

मग या वर्षी कॉलेजात नकाशाचा मेळावा भरला. भूगोलाच्या प्रियदर्शनी मॅडम बॅनर सांगायला दुकानात आल्या. "खुला नकाशा, शाश्वत विकास." मी विचारलं, फोटो कोणाचे टाकायचे? म्हणाल्या, कोणाचेच नाही. माझ्या हयातीत बिनफोटोचा बॅनर मी पहिल्यांदा छापला. वैष्णवीनं वर आभाळ सोडलं आणि या वेळी मला ओरडायला कारण उरलं नाही.

बॅनर बांधायला मीच गेलो आणि दुपारचा मसालेभात असल्याचं कळल्यावर थांबलो. वाशीमची, मानोऱ्याची, पार धनजकडची पोरं आली होती. मॅडम सांगत होत्या: हा नकाशा कोणाच्या मालकीचा नाही. कोणीही त्यात भर घालावी, कोणीही चूक दुरुस्त करावी, कोणीही वापरावा. उपग्रहानं काढलेल्या फोटोवर आपण बोट ठेवायचं. हे घर, ही विहीर, हा रस्ता. मोठ्या नकाशांमध्ये आपली गावं म्हणजे नुसता ठिपका असतो, आणि वावरात राहणारी घरं तर तिथंही नसतात. जे दिसत नाही त्याच्यासाठी पाणी, शाळा, दवाखाना कोण ठरवणार? एका संस्थेनं कबूल केलं होतं की गावापासून लांब, वावरात राहणाऱ्या घरांसमोर सौर दिवे लावून देऊ. घरं कुठं आहेत ते तुमच्या नकाशावरून कळू द्या. आणि मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिला: जे जमिनीवर आहे तेच नकाशावर.

मी मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, हे तर उपग्रहावरून हाकणार. पण खिडक्यांचे पडदे ओढले, पंखे घरघरू लागले आणि सगळ्या संगणकांच्या पडद्यांवर आमचा मुलूख वरून दिसायला लागला, तेव्हा माझं तोंड बंद झालं. तपकिरी, करडी, हिरवी वावरं एकमेकांना चिकटलेली. मधून वाकडे नाले. एरवी पायाखाली असलेली सगळी जमीन समोर आली होती, आणि पोरं जरा हलक्या आवाजात बोलायला लागली. एकानं आपली शाळा शोधली, एकीनं मामाचा गोठा. सगळे आपापल्या गावावर तरंगत होते.

वैष्णवीला काही शिकवावं लागलं नाही. तिनं आयुष्यभर हेच केलं होतं. डांबरी रस्त्यावरून ती आत वळली, गोल विहीर सापडली, मचाणाची सावली सापडली. मग तिचा हात थांबला. मी मागं उभा होतो, मसालेभाताची वाट बघत.

विहिरीच्या बाजूला काळ्या मातीवर एक पांढरट चौकोन होता. आत दोन-तीन फिकट रेघा. पूर्वेकडं रेघ तुटलेली.

फोटो त्या उन्हाळ्यातला होता. मॅडमनी सकाळी सांगितलंच होतं की चित्रं जरा जुनी असतात. वरून जाणाऱ्या त्या यंत्रानं बापूरावांचं घर पाहून ठेवलं होतं. आम्ही सगळे विसरायला लागलो होतो, पाऊस पडून गेला होता, गवत उगवलं होतं, आणि ते तिथं तसंच होतं. मी बॅनरची दोरी ढिली झाली का ते बघायला गेलो. ती घट्टच होती.

परत आलो तेव्हा वैष्णवी कोपऱ्या-कोपऱ्यावर टिचकी मारत होती. कान कापते तसंच, कडेकडेनं, सावकाश. पूर्वेला आली आणि दाराची जागा सोडून तिनं हात उचलला. संगणकानं ते घर धरलं नाही. नुसती वाकडी रेघ दिसत राहिली. तिनं पुन्हा काढलं, पुन्हा दार सोडलं. पुन्हा तेच. शेजारच्या पोरीनं सांगितलं, "अव, चौकोन पूर्ण बंद कर. मंगच घर होते." वैष्णवीनं आणखी एकदा दार सोडून पाहिलं. मग तिनं दारावर टिचकी मारली आणि चौकोन बंद झाला. पटकन रंग भरला. घर झालं.

तिनं चित्र लहान केलं, आणखी लहान केलं. रिसोड आलं, जिल्हा आला. पुन्हा मोठं करत खाली आली. घर होतं. पोटभर जेवल्यावर माणूस जसा बसतो तशी ती मागं टेकून बसली. तिचा असा चेहरा मी त्या रोडग्याच्या जेवणानंतर बघितला नव्हता.

दुपारी तपासणी. एकानं काढलेलं दुसऱ्यानं तपासायचं. वैष्णवीचा भाग मानोऱ्याकडच्या हर्षलकडं आला. हा नाकासमोर चालणारा पोरगा. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, पण चूक दिसली की सोडणार नाही. त्याच्याच तांड्याजवळच्या वावरांत राहणारी घरं कुठल्याच नकाशात नाहीत म्हणून तो आला होता.

"वैष्णवी, हे घर पक्कं हाय काय?" तो म्हणाला. "मले तं छत दिसून नाही राह्यलं. नुसत्या रेघा हायेत."

"घर हाय," ती म्हणाली.

"खळं असू शकते. नाही तं कोणी आखून ठेवलं असन."

"हर्षल, माह्या वावरातलं मले मालूम नाही काय? घर हाय म्हणते ना मी."

तो जरा ओशाळला, पण हटला नाही. "तसं नाही. दिवे मोजके हायेत. इथं दिवा आला अन् घरच नसलं, तं खरंच अंधारात राह्यते त्याचा दिवा गेला ना. उद्या आमी तिकडे चाललोच तपासाले. पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी पोरं वावरा-वावरात जाणार होती आणि त्यांच्यासाठी नकाशाचे मोठे कागद छापायचं काम माझ्याकडंच होतं. संध्याकाळी दुकानात मशीनमधून एकेक कागद बाहेर येत होता, ती गुंडाळत होती. तिच्या वावराच्या भागाचा कागद आला. विहीर, धुरा, आणि तो भरलेला चौकोन. तिनं तो गुंडाळला नाही.

"पुसून टाक वैष्णवी," मी म्हटलं. "उद्या पोरं जातीन अन् तुह्या मायसमोर इचारतीन. तिले कायले तरास?"

"भाऊ, तुमी तं जेवले होते त्या घरात."

मी मशीनमधून पुढचा कागद ओढला.

"सांगा ना. चपला बाहेर काढून आत गेले होते. मंग थे घर होतं का नाही?"

मला राग आला. तिचा नाही, कोणाचा ते मलाही कळेना. मी म्हटलं, "होतं. घर होतं, रोडगे होते, तुहा बाप होता. पण हर्षल म्हणते थे बी खोटं नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर हाय अन् दारात अंधार हाय, त्याचा दिवा आपल्याले नाही घेता येत, बाई."

"दिवा कोणाले पाह्यजे? मले दिवा नको. मले फक्त थे तिथं राहू द्याचं हाय. आता कुठीच नाही राह्यलं भाऊ थे. एका ठिकाणी सापडलं, तं तुमी सगळे पुसा म्हणता." एवढं बोलून तिनं कागद गुंडाळला आणि घरी गेली. घर मात्र पुसलं नाही.

सकाळी मी कागद पोचवायच्या निमित्तानं पोरांबरोबर गेलो. खरं म्हणजे मला दुकानात बसवत नव्हतं. दव अजून वाळलं नव्हतं, तुरीच्या फुलांवर मधमाश्या लागल्या होत्या. वैष्णवी पुढं चालत होती. तुळसाबाई वांगी तोडत होत्या. इतकी पोरं पाहून त्या टोपलं घेऊन उभ्या राहिल्या. हर्षलनं नमस्कार केला आणि कागद उलगडला.

"मावशी, इथं घर दाखोलं हाय. इहिरीच्या बाजूले. कुठी हाय थे?"

तुळसाबाईंनी पदराला हात पुसले आणि कागद घेतला. नकाशा वाचायची सवय नाही, म्हणून वैष्णवीनंच बोट ठेवून दाखवलं. ही विहीर. हा धुरा. मग बोट चौकोनावर गेलं. "अन् हे... बाबानं आखलं होतं थे. वरच्या फोटोत आलं होतं माय. म्हून मी काढलं."

हर्षलनं मान खाली घातली. आता त्यालाही समजलं होतं. चौकोनाच्या चारी बाजूंनी तुळसाबाईंनी बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"दार कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

"दार नाही काढता येत माय. चौकोन बंद करा लागते. नाही तं थे घर धरत नाही."

"यायनं तं पयले दार सोडलं होतं. दार सोडलं अन् मंग भिंती मारल्या." तुळसाबाईंनी कागद परत दिला. "हे आपलं घर नोहे, वैष्णवी. याच्यात तुहा बाप आत कसा येईन? पुसून टाक."

वैष्णवी रडायला लागली. कॉलेजच्या पोरांसमोर, हर्षलसमोर, पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीनं डोळे पुसत, लहान पोरीसारखी. तुळसाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आपून बांधू तवा काढजो. आता कोणाच्या दिव्याच्या आड नको येऊ." तिनं फोन काढला. तिथंच उभं राहून, दोनदा बोट दाबलं. चौकोन गेला. चुन्याचं घर एकदा पावसानं नेलं होतं, आज दुसऱ्यांदा गेलं.

तुळसाबाई म्हणाल्या, "चाला, जराक बसा. च्या करतो." चूल अजून तिथंच होती, गवतात, तीन दगडांची. आम्ही निघालो. हर्षल नेहमीप्रमाणे सरळ, विहिरीकडून गवत तुडवत चुलीपाशी पोचला. मागं वळून बघतो तर त्याच्याबरोबर कोणी नाही.

तुळसाबाई विहिरीपासून निघून डावीकडं वळल्या होत्या. मागं वैष्णवी. त्यांच्या मागं मी, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा वळलो आहे. पायाखाली चांगली रुळलेली वाट होती, गवत नसलेली, टणक. मोकळ्या जागेच्या कडेनं ती सरळ जात होती, कोपऱ्यावर काटकोनात वळत होती, पूर्वेला येऊन आत शिरत होती. रेघा धुऊन इतके पावसाळे गेले, पण या दोघी रोज, पाण्याची घागर असो की वांग्याचं टोपलं, भिंतीला वळसा घालून दारातूनच जात होत्या.

"मावशी, ही वाट अशी कायले वळली?" हर्षलनं चुलीजवळून विचारलं. "मधात तं काहीच नाही."

उत्तर त्याचं त्यालाच मिळालं असावं, कारण तो एकदम अंग चोरून उभा राहिला, भिंत फोडून आत आल्यासारखा. मग म्हणाला, "वैष्णवी, वाट जमिनीवर हाय. वाट काढता येते."

तिनं डोळे पुसले. फोनमध्ये चाललेला मार्ग टिपायची सोय असते, ती सुरू केली आणि डांबरी रस्त्यापर्यंत परत गेली. तिथून चालत आली. धुऱ्यावरून, मचाणाखालून, विहिरीपाशी. डावीकडं वळली. कोपऱ्यावर वळली. आम्ही सगळे चहाची वाट बघत तिच्याकडं बघत होतो. दाराशी आल्यावर तिनं चपला काढल्या आणि आत आली. फोनच्या पडद्यावर एक बारीक रेघ उमटली होती.

हर्षल उठला, गवतातून बाहेर गेला, पूर्ण वळसा घालून दाराशी आला आणि बूट काढायला लागला. नाडी सुटता सुटेना.

"या ना बाबू," तुळसाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आत या."

दिवा पुढं दुसऱ्या एका वावरातल्या घरासमोर लागला. आमच्या वैष्णवीनं कोणाकडं दिवा मागितला नाही. ती अजून माझ्याकडंच काम करते, आणि पोरांना घेऊन आसपासच्या वाटा काढत फिरते. बॅनरवर आभाळ सोडते. मी ओरडतो.

परवा दुकानात तिच्या फोनवर कुठल्यातरी लांबच्या देशातल्या तपासनीसाचा संदेश आला. हा नकाशा सगळ्यांचा असल्यामुळं कोणीही कुठूनही विचारू शकतं. इंग्रजीत होता, तिनं मला मराठीत वाचून दाखवला. "या पायवाटेला मोकळ्या जागेत विनाकारण वळण आहे. अडथळा काहीच दिसत नाही. चूक असेल तर मी सरळ करून देऊ का?"

गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं. मी पट्टी आपटली नाही. वैष्णवीनं जरा वेळ बाहेर, तारांच्या वर पाहिलं, मग खाली बघून उत्तर लिहिलं.

"चूक नाही. दार त्या बाजूला आहे."